तुमच्या फोनमधलं एचडीआर १८५७ मध्ये हातानं करणारा माणूस : गुस्ताव ल ग्रे

मागच्या दिवाळीत हरिहरेश्वरला गेलो होतो. संध्याकाळची वेळ, खडकांवर फुटणाऱ्या लाटा, वर भरलेले ढग. खिशातून फोन काढला, एक टॅप केला आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत मावसभावाचा मेसेज आला की आकाश एडिट केलेलं दिसतंय. मी काहीच एडिट केलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर फोननं केलं होतं.

मी बटण एकदा दाबलं, तरी फोननं त्या क्षणात एकामागोमाग बरेच फोटो घेतले होते. त्यातून ढगांचा तपशील जपला, लाटांचा अंधार उजळला आणि सगळं जुळवून एकच फोटो माझ्या हातात ठेवला. यालाच आपण एचडीआर म्हणतो. मग तो फोटो खरा की खोटा? या प्रश्नामागे लागलो आणि एका फ्रेंच माणसापर्यंत पोहोचलो. त्यानं हेच काम कॉम्प्युटर नसताना, विजेचा दिवा नसताना, दोन काचा आणि ऊन वापरून केलं होतं. त्याच्या एका समुद्राच्या फोटोनं १९९९ मध्ये लिलावात किमतीचा जागतिक विक्रम केला. तो स्वतः मात्र कर्जात बुडून देश सोडून गेला होता. त्याचं नाव गुस्ताव ल ग्रे. आजची गोष्ट त्याची.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

ल ग्रेचा जन्म १८२० चा, पॅरिसजवळच्या व्हिलिए-ल-बेल गावातला. त्याला व्हायचं होतं चित्रकार. त्या काळचा नावाजलेला चित्रकार पॉल दलारोश याच्याकडे तो शिकला, मग इटलीला गेला. रोममध्ये पाल्मिरा लिओनार्दी हिच्याशी लग्न केलं आणि १८४७ च्या सुमारास पॅरिसला परतला.

फोटोग्राफी तेव्हा अगदी कोवळी होती. १८३९ मध्ये फ्रान्सनं दागेरचं तंत्र जगाला जाहीर केलं होतं. त्यात चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच फोटो निघायचा. त्याची दुसरी प्रत नाही. इंग्लंडमध्ये टॅलबटनं कागदावर निगेटिव्ह काढायची रीत आणली होती. तिच्यातून हव्या तितक्या प्रती निघायच्या, पण कागदाचे धागे फोटोत उमटायचे आणि चित्र धूसर यायचं.

ल ग्रेला या कागदात रस वाटला. चित्रकाराची नजर होतीच, त्यात रसायनं घोळवायचा नाद लागला. क्लिशीच्या वेशीजवळ त्यानं स्टुडिओ थाटला आणि शिकवायला सुरुवात केली. लेखक माक्सिम द्यु कां इजिप्तला कॅमेरा घेऊन गेला, तो आधी ल ग्रेकडून शिकून. आँरी ल सेकसारखे पुढे नाव कमावलेले फोटोग्राफरही त्याच्याभोवतीचेच. थोडक्यात, आज आपण व्हिडिओ बघून शिकतो तसं तेव्हा लोक ल ग्रेकडे जायचे.

मेणाच्या कागदाची करामत

१८५१ मध्ये त्यानं आपली पहिली मोठी युक्ती जाहीर केली. कागदावर रसायन चढवायच्या आधीच तो मेणात भिजवायचा. मेण कागदाच्या धाग्यांमध्ये शिरतं, कागद जवळपास काचेसारखा पारदर्शक होतो आणि बारीक तपशील उमटतो.

पण खरा फायदा वेगळाच होता. असा कागद कित्येक दिवस आधी तयार करून ठेवता यायचा आणि फोटो काढल्यावर लगेच धुवायची घाई नसायची. प्रवासात घोडागाडीभर रसायनं वाहायची गरज उरली नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर फोटोग्राफीला पहिल्यांदा चांगली बॅटरी मिळाली.

ही रीत आपल्या देशातही पोहोचली. इथल्या उन्हात आणि लांबच्या प्रवासात ती सोयीची होती. कंपनी सरकारचा अधिकारी लिनियस ट्राइप यानं दक्षिणेतली देवळं आणि आग्र्याच्या डॉक्टर जॉन मरे यानं ताजमहाल मेणाच्या मोठमोठ्या कागदांवर टिपला. याच दशकात, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. म्हणजे पॅरिसमध्ये जे वेड लागलं होतं, त्याची लागण मुंबईला फारशी उशिरा झाली नव्हती.

१८५१ मध्येच फ्रेंच सरकारनं पाच फोटोग्राफर निवडले आणि देशातल्या जुन्या इमारतींचे फोटो काढायला पाठवले. ल ग्रे त्यातला एक. मेस्त्राल या सोबत्याबरोबर तो देशाच्या नैर्ऋत्य भागात फिरला, चर्च आणि किल्ले टिपले. सरकारनं निगेटिव्ह घेतल्या आणि कपाटात ठेवून दिल्या. पुस्तक नाही, प्रदर्शन नाही. फोटो काढणं हे अर्धंच काम असतं, तो लोकांसमोर यायलाही लागतो, हे ल ग्रेला तेव्हा कळलं असणार.

आकाश पांढरंफटक का यायचं?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १८५० च्या दशकात कागदाची जागा काचेनं घेतली. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव पसरायचा, तो चांदीच्या द्रावणात बुडवायचा आणि ओला असतानाच फोटो काढून धुवायचा. वाळला की संपलं. चित्र मात्र लख्ख यायचं आणि वेळही कमी लागायचा.

पण या काचेला एक खोड होती. तिला निळा रंग फार दिसायचा आणि लाल-पिवळा जवळजवळ दिसायचाच नाही. निळं आकाश तिला झगझगीत उजेड वाटायचं. जमीन किंवा समुद्र नीट यावा म्हणून जास्त वेळ उजेड दिला की आकाश पांढरंफटक व्हायचं, एकही ढग उरायचा नाही. आकाशाला साजेसा कमी वेळ दिला की खालचं सगळं काळं. त्यामुळे त्या काळातल्या असंख्य फोटोंत आकाश म्हणजे नुसता कोरा कागद.

तुमच्या फोनच्या सेन्सरलाही हीच अडचण येते, कारण वेगळं असलं तरी. सेन्सर एका वेळी ठरावीक मर्यादेतलाच उजेड आणि अंधार पकडू शकतो. खिडकीसमोर उभ्या माणसाचा फोटो काढून बघा, लगेच कळेल.

ल ग्रे १८५६ ते १८५८ या काळात समुद्रावर गेला. आधी नॉर्मंडीचा किनारा, मग भूमध्य समुद्र. काही फोटो त्यानं एकाच काचेवर साधले. सूर्य ढगाआड असेल, पाणी चमकत असेल, तर आकाश आणि समुद्राचा उजेड जवळपास सारखा होतो, हे त्यानं हेरलं होतं. पण जिथं ते जमेना तिथं त्यानं दोन काचा वापरल्या. एक समुद्रासाठी, दुसरी आकाशासाठी.

छापताना तो काय करायचा बघा. तेव्हा फोटो मोठा करायची सोय नव्हती. काच कागदावर ठेवायची आणि उन्हात धरायची, जेवढी काच तेवढाच फोटो. ल ग्रे समुद्राची काच ठेवून वरचा भाग झाकायचा आणि खालचा छापायचा. मग आकाशाची काच ठेवायची, खालचा भाग झाकायचा. दोन्हींची शिवण नेमकी क्षितिजाच्या रेषेवर. तिथं तशीही रेषा असतेच, त्यामुळे जोड लपून जातो. हीच शिवण आता तुमच्या फोनमधलं सॉफ्टवेअर घालतं, तेही क्षणार्धात.

दोन निगेटिव्ह जोडायची कल्पना त्याच्या आधीही मांडली गेली होती, पण इतकी देखणी चित्रं त्यातून कुणी काढली नव्हती. आणि एक गंमत. त्याच्या वेगवेगळ्या समुद्रांवर कधीकधी एकच आकाश दिसतं! ढगांची काच जमली की ती तो दुसरीकडेही वापरायचा. आज आकाश बदलून देणाऱ्या ॲपवर आपण हसतो, पण या युक्तीचं वय दीडशे वर्षांच्या वर आहे.

भिंतीवर टांगायचा फोटो

१८५७ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या सेत बंदराजवळ त्यानं काढलेला फोटो म्हणजे ‘मोठी लाट’. डाव्या बाजूनं बंदराचा बांध आत घुसलाय, समोर लाट फुटतेय, वर जड ढग. आकार साधारण ३४ बाय ४१ सेंटिमीटर. आपल्याला हा आकार लहान वाटेल, पण लक्षात घ्या, याचा अर्थ काचही तेवढीच मोठी आणि ती मावेल एवढा कॅमेरा. हे सगळं ओल्या रसायनांसकट समुद्राच्या वाऱ्यात उभं करायचं.

लंडन आणि पॅरिसमध्ये हे समुद्र गाजले. त्यातल्या बोटीच्या एका फोटोसाठी लंडनमध्ये शेकड्यांनी आगाऊ मागणी आली. लोकांना तो चांदण्यातला वाटायचा. प्रत्यक्षात तो दिवसा काढलेला होता.

ल ग्रेचा हट्ट असा होता की फोटो ही कला आहे आणि तिची जागा भिंतीवर, चित्रांच्या रांगेत आहे. ती कारखान्याच्या किंवा धंद्याच्या हाती गेली तर वाया जाईल, असं त्यानं आपल्या पुस्तकात स्पष्ट मांडलं होतं. म्हणून तो प्रिंटवर खूप मेहनत घ्यायचा. छापलेला कागद तो सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायचा. त्यामुळे चित्राला जांभळट, गडद छटा यायची आणि ते लवकर फिकं पडायचं नाही. मग जाड पुठ्ठ्यावर चिकटवून लाल शाईत आपल्या सहीचा शिक्का मारायचा. आजचा वॉटरमार्क म्हणा हवं तर.

धंदाही त्यानं तसाच राजेशाही मांडला. श्रीमंत भागीदारांच्या पैशावर १८५६ मध्ये पॅरिसच्या कापुसीन रस्त्यावर ३५ नंबरच्या इमारतीत भपकेबाज स्टुडिओ उघडला. १८५७ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियननं त्याला शालोंच्या लष्करी छावणीचे फोटो काढायला बोलावलं. त्यांचे अल्बम बड्या अधिकाऱ्यांना भेट म्हणून गेले. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की या माणसाचं सगळं जमलं.

खिशात मावणारा फोटो

पण त्याच शहरात दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरनं १८५४ मध्ये एक पेटंट घेतलं होतं. एकाच काचेवर आठेक छोटे फोटो काढायचे, कापायचे आणि व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर चिकटवायचे. एका फोटोच्या कष्टात आठ फोटो. किंमत धाडकन खाली आली. १८५० चं दशक संपता संपता त्याचं वेड पसरलं. लोक स्वतःचे फोटो वाटू लागले, राजाराणीचे आणि नटनट्यांचे फोटो जमवून अल्बम भरू लागले. तेव्हाचं सोशल मीडियाच.

ल ग्रे या वाटेला गेला नाही. ग्राहक यायचे, पण त्यांना स्वस्त आणि झटपट फोटो हवा असायचा. हा मोठ्या प्रिंटवर तासन् तास घालवायचा. भाडं, सजावट, सोनं, चांदी, सगळ्याचा खर्च वाढत गेला. भागीदारांचा धीर सुटला आणि १८६० च्या सुरुवातीला कंपनी मोडली. त्याच इमारतीत पुढे नादार या फोटोग्राफरचा स्टुडिओ आला, आणि १८७४ मध्ये तिथंच मोने, रेन्वार वगैरे चित्रकारांनी आपलं ते गाजलेलं पहिलं प्रदर्शन भरवलं.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. या वळणावर ल ग्रेला थोर कलावंत आणि दिस्देरीला धंदेवाईक ठरवून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ज्यांच्या घरात कधीच कुणाचं चित्र नव्हतं, अशा असंख्य माणसांना स्वतःचा चेहरा दिस्देरीच्या छोट्या कार्डामुळे मिळाला. तुमच्या-माझ्या फोनची गॅलरी त्याच घराण्यातली आहे. आणि दिस्देरीसुद्धा टिकला नाही. त्याची युक्ती सगळ्यांनी उचलली, भाव पडले आणि तोही शेवटी गरिबीत मेला.

द्युमाच्या बोटीवर

कंपनी बुडाल्यावर ल ग्रेनं जे केलं ते मात्र डोळे झाकून माफ करता येत नाही. ‘थ्री मस्केटिअर्स’चा लेखक अलेक्झांडर द्युमा मे १८६० मध्ये स्वतःच्या बोटीतून पूर्वेच्या सफरीला निघाला होता. ल ग्रे त्याच्याबरोबर गेला. बायको आणि मुलं पॅरिसमध्येच राहिली. तो फ्रान्सला परत कधीच आला नाही.

बोट सिसिलीला पोहोचली. गॅरिबाल्डीनं नुकतंच पालेर्मो जिंकलं होतं. ल ग्रेनं गॅरिबाल्डीचा फोटो काढला, रस्त्यांवर रचलेले दगडांचे अडथळे आणि तोफांनी फोडलेली घरं टिपली. समुद्राच्या ढगांसाठी दोन काचा जोडणारा माणूस आता पडक्या भिंती जशाच्या तशा दाखवत होता. मग द्युमाशी बिनसलं आणि जुलैमध्ये त्याला माल्टाला उतरवून बोट पुढे गेली. तिथून तो सीरिया-लेबनॉनला गेला, बालबेकचे प्राचीन अवशेष टिपले. पुढे इजिप्त. आधी अलेक्झांड्रिया, मग कैरो. तिथल्या राज्यकर्त्या इस्माईल पाशाच्या मुलांना तो चित्रकला शिकवायचा. म्हणजे जिथून सुरुवात केली होती, तिथंच परत आला. जुलै १८८४ मध्ये कैरोतच तो वारला. पॅरिस त्याला तोवर विसरून गेलं होतं.

११५ वर्षांनी लागलेली बोली

२७ ऑक्टोबर १९९९. लंडनमध्ये सदबीज या लिलावघरात मारी-तेरेझ आणि आंद्रे झाम या फ्रेंच संग्राहक दांपत्याचा संग्रह विक्रीला आला होता. ‘मोठी लाट’ची एक प्रत ५ लाख ७ हजार ५०० पौंडांना गेली. लिलावात फोटोला मिळालेली तोवरची जगातली सर्वांत मोठी किंमत. हा विक्रम २००३ मध्ये मोडला, तोही त्याच काळातल्या एका फ्रेंच माणसाच्या, जिरो द प्रांजेच्या अथेन्सच्या फोटोनं.

पुढचे आकडे आणखी मोठे. २०११ मध्ये आंद्रेआस गुर्स्कीचा ऱ्हाइन नदीचा फोटो ४३ लाख डॉलरांच्या वर गेला. २०२२ मध्ये मॅन रेचा १९२४ सालचा एक फोटो १ कोटी २४ लाख डॉलरांना विकला गेला. गुर्स्कीनं आपल्या फोटोतून पलीकडच्या काठावरच्या इमारती कॉम्प्युटरवर पुसून टाकल्या होत्या. त्याचा फोटो १९९९ चा, म्हणजे ल ग्रेच्या लाटेनं विक्रम केला त्याच वर्षीचा. हातानं जोडलेला समुद्र आणि माउसनं पुसलेली नदी, दोन्ही कोट्यवधींच्या घरात.

एवढी किंमत कशाची? ‘मोठी लाट’ तुम्ही या क्षणी फोनवर फुकट बघू शकता. पैसे त्या दृश्याचे नाहीत, त्या कागदाचे आहेत. फोटोग्राफरच्या हयातीत, त्याच्या देखरेखीखाली निघालेली प्रत, ती किती उरली आहे, तिचा रंग किती टिकलाय, ती कुणाकुणाच्या हातातून आली, यावर बोली चढते. ल ग्रेनं प्रिंटवर केलेला जो खर्च त्याला बुडवायला कारणीभूत झाला, त्याचीच किंमत शंभर वर्षांनी दुसऱ्यांनी वसूल केली. लिलावातले पैसे विकणाऱ्याला मिळतात. फोटो काढणारा कैरोत कधीचा गेलेला.

मग फ्रेमचं काय?

श्रीमंती फ्रेम म्हटलं की सोन्याचा वर्ख लावलेली नक्षीदार लाकडी चौकट डोळ्यांसमोर येते. एकोणिसाव्या शतकात त्या चौकटीचा अर्थ असा, की आत जे आहे ते चित्र आहे, घरातलं किरकोळ सामान नाही. ल ग्रेला फोटोसाठी नेमका तोच मान हवा होता. १८५९ मध्ये पॅरिसमध्ये फोटोंचं प्रदर्शन चित्रांच्या सरकारी प्रदर्शनाच्या शेजारी लागलं, पण आत जायचं दार वेगळं ठेवलं होतं. मान मिळाला, तोही अर्धाच.

पण फ्रेमचं खरं काम दिखाव्याचं नाही, संरक्षणाचं आहे. हे मला घरच्या अनुभवातून कळलं. काही वर्षांपूर्वी माझा फोन पाण्यात पडला. बॅकअप घेतलेला नव्हता. आजोबांबरोबरचे शेवटच्या दोन वर्षांचे सगळे फोटो गेले. एकच वाचला, कारण मामीनं तो आधी मागून घेतला होता आणि तालुक्याच्या गावी देवाच्या तसबिरी बसवणाऱ्याकडून फ्रेम करून भिंतीवर लावला होता. दोन पावसाळ्यांनंतर बघितलं तर फोटो काचेला चिकटलेला. काढायला गेलो तर आजोबांच्या खांद्याचा रंग काचेवरच राहिला.

चूक साधी होती. फोटो आणि काच यांच्यात हवेला जागाच नव्हती. चांगल्या फ्रेममध्ये फोटोभोवती जाड पुठ्ठ्याची खिडकी असते, तिला माउंट म्हणतात. ती दिसायला छान असतेच, पण तिचं खरं काम काचेला फोटोपासून दूर ठेवणं. हा पुठ्ठा आम्ल नसलेला हवा, नाहीतर वर्षांनी कडेला पिवळा डाग पडतो. महागड्या फ्रेममध्ये काच अतिनील किरण अडवणारी असते. संग्रहालयात ल ग्रेच्या काळातले प्रिंट अगदी मंद उजेडात, तेही थोडेच दिवस लावतात आणि मग परत अंधारात ठेवतात.

आपल्याला एवढं करायची गरज नाही. माउंट मागा, ओल येणारी भिंत टाळा, थेट ऊन टाळा. बस्स.

राहिला मावसभावाचा प्रश्न. माझा समुद्र खरा की खोटा? आता मी त्याला एवढंच सांगतो की त्या संध्याकाळी ते ढग तिथं होते, ती लाटही होती, आणि दोन्ही माझ्या डोळ्यांना एकाच वेळी दिसली होती. फोननं त्यांना परत एकत्र आणलं. दुसऱ्या दिवसाचं आकाश आणून डकवलं असतं, तर मात्र मी ते सांगितलं असतं. ल ग्रेनं आपल्या गिऱ्हाइकांना ते सांगितलं असतं का, याची मला शंका आहे.

तो फोटो मी १२ बाय १६ इंचात छापून घेतलाय, माउंटसकट. आजोबांचा जो उरलाय, त्याच्या शेजारीच लावलाय. आणि बॅकअप आता दर रविवारी घेतो.